जिरेटोपातलं जिरं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी महिनाभर स्क्रीनकडे बघायचं नाही म्हणून बजावलं होतं. आता चांगलं दिसतंय. आणि दिसायला लागल्या लागल्या नातीनं कामाला लावलं.

नात पुण्याला असते. सातवीत आहे, इंग्रजी माध्यमात. तिच्या शाळेत प्रकल्प दिलाय, जुन्या काळचे योद्धे अंगावर काय घालत. हिनं अर्थातच शिवाजी महाराज घेतले. मोठ्या कार्डशीटवर चित्र काढायचं आणि एकेका वस्तूला बाण काढून तिचं इंग्रजी नाव लिहायचं. चित्र तिनं झकास काढलंय, मला फोनवर पाठवलं होतं. नावांसाठी मात्र आजोबांची आठवण झाली. "आबा, तुम्ही इतिहास शिकवायचे ना? मग पटापट सांगा. जिरेटोप, चिलखत, अंगरखा, दांडपट्टा..." मी म्हटलं, संध्याकाळी सांगतो, त्यात काय एवढं.

या गोष्टीला आज तीन आठवडे झाले.

आम्ही मराठी माध्यमातून बी.ए. झालेली माणसं. इंग्रजी आम्हाला कोशातून भेटली. माझ्याकडे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचं पुनर्मुद्रण आहे. मूळ कोश १८३१ चा, दुसरी सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. तो आणि एक जाडजूड इंग्रजी कोश असे दोन्ही पलंगावर शेजारी शेजारी उघडून बसलो. चिलखत बघा, बख्तर बघा, कवच बघा, फिरून फिरून हातात दोनच शब्द येतात. एक आर्मर, दुसरा मेल. माझ्या नातीच्या चित्रात बाण दहा आणि शब्द दोन! मग मी उलट बाजूनं निघालो, म्हणजे इंग्रजी शब्द घेऊन त्यांची मराठी शोधायला लागलो. तिथे तर आणखी गंमत. पण आधी माझी एक चूक कबूल करतो, कारण हा लेख खरं म्हणजे त्या चुकीबद्दलच आहे.

पहिलाच शब्द जिरेटोप. मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली. एकदा कुठल्याशा वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, "सर, जिरेटोपाला जिरेटोप का म्हणतात?" मला ठाऊक नव्हतं. पण मास्तरला ठाऊक नाही असं म्हणायची त्या काळी पद्धत नव्हती. मी बेधडक सांगितलं, "त्याच्यावर जिऱ्यासारखी बारीक नक्षी असायची म्हणून." वर्गाला पटलं. पुढे मलाही पटलं! नंतर कितीतरी तुकड्यांना मी हे जिरं वाढलं असेल.

परवा कोशात दिसलं ते असं. फारसीत जिरह म्हणजे लोखंडी कड्यांचं चिलखत. त्या कड्या लावलेला, किंवा तशा चिलखतासोबत घालायचा तो टोप, म्हणजे जिरेटोप. अस्सल लोखंडी वस्तू. रणांगणावर डोकं वाचवायला. मखमल, मोती, जरी यांचा त्या नावाशी संबंध नाही. महाराजांच्या काळातली किंवा त्यानंतर लगेचची जी चित्रं युरोपातल्या संग्रहालयांत आहेत, त्यांत डोक्यावर कापडी पागोटं आहे आणि त्यावर तुरा. आपण आज जिरेटोप म्हणतो तो बहुतेक वेळा हा कापडी प्रकार. नाव लोखंडाचं आणि वस्तू कापडाची, अशी अदलाबदल झाली.

आमच्याकडे १२ जानेवारीला दोन्ही टोकांना गर्दी असते. विवेकानंदांचा जन्मदिवस तोच (१८६३) आणि जिजाऊंचाही तोच (१५९८). त्यामुळे जानेवारीत हिवरा आश्रमात विवेकानंदांचा भगवा फेटा बांधलेली पोरं दिसतात, आणि जिल्ह्याच्या त्या टोकाला सिंदखेड राजाला जिरेटोप घातलेली. थर्माकोलचे, पुठ्ठ्याचे, आता ऑनलाइन मागवलेले तयार मखमलीचे. मी कितीदा अशा पोरांच्या पाठीवर हात फिरवून म्हटलंय, "वा, जिरेटोप शोभतो बरं का!" कुणालाही हे म्हणजे खरं काय, ते सांगितलं नाही. सांगणार कुठून?

(टोप या शब्दाचं एक विषयांतर. मुंबईची वहिनी पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा स्वयंपाकघरात "टोप कुठाय, टोप कुठाय" करत होती. आमच्याकडे त्याला गंज म्हणतात. आईला वाटलं, हिला ऊन लागलं, डोक्याला घालायला टोपी मागतेय. असो.)

आता इंग्रजीतला मेल. हा टपालाचा मेल नव्हे. नातीनं लगेच विचारलं, "ई-मेलमधला का?" म्हणून सांगतो. टपालाचा मेल जुन्या फ्रेंचमधल्या पिशवी या अर्थाच्या शब्दापासून आला, पत्रांची पिशवी म्हणून. अंगावरचा मेल आला लॅटिनमधल्या जाळ्याच्या फटीला जो शब्द आहे त्यावरून. म्हणजे मेल म्हणजे जाळीच. लोखंडी कडी, तिच्यात आणखी चार कड्या अडकवलेल्या, प्रत्येकीचं तोंड ठोकून बंद केलेलं, अशा हजारो कड्यांचा विणलेला सदरा. एकेका सदऱ्याचं वजन दहा किलोच्या आसपास. फारसीतला जिरह नेमका हाच. तेव्हा हा एक बाण जुळला. जिरह म्हणजे मेल. पुस्तकांत सर्रास चेन मेल असं लिहितात, पण जाणकारांना ते आवडत नाही, कारण मेल म्हटल्यावर साखळी आलीच. आपण लिंबूपाण्याचं पाणी म्हणावं तसं ते होतं. सर वॉल्टर स्कॉटसारख्या कादंबरीकारांच्या काळापासून ते रूढ झालं म्हणतात.

आणि इथून मला प्रतापगडाचा रस्ता सापडला.

१० नोव्हेंबर १६५९. ही तारीख मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलीय की झोपेत विचारलं तरी सांगेन. पण त्या दिवशी महाराजांच्या अंगावर काय होतं? सभासदाच्या बखरीत, जी राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली गेली, पोशाखाचं वर्णन आहे. जरीची कुडती, डोक्याला मंदील, पायात चोळणा, हातात बिचवा आणि वाघनख. चिलखताचा त्यात पत्ता नाही. उलट ग्रँट डफनं १८२६ साली जो मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत छापला, त्यात आहे की कपड्यांच्या आत कड्यांचं चिलखत होतं आणि पागोट्याखाली कड्यांचीच पोलादी टोपी. बघा, म्हणजे खरा जिरेटोप पागोट्याच्या आत होता, वरून दिसत नव्हता. मी मुलांना दोन्ही गोष्टी एकत्र करून सांगायचो आणि मला वाटतं त्यात गैर काही नाही. सभासद वरून दिसणारं सांगतोय, डफ आतलं.

पण डफची इंग्रजी नातीला वाचून दाखवली तेव्हा घोटाळा झाला. त्यानं महाराजांच्या अंगरख्याला शब्द वापरलाय कॉटन गाऊन. नात फोनवर हसून हसून लोळायची बाकी राहिली. आता गाऊन म्हणजे काय, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा रांगेत दिसतो तो. बिचाऱ्या डफचा काही दोष नाही, त्याच्या काळी लांब, सैल, पायघोळ वस्त्राला गाऊनच म्हणत. न्यायाधीशांचा असतो, पदवीदान समारंभातला असतो. माझ्याही बी.ए.च्या फोटोत आहे, भाड्यानं घेतलेला. पण म्हणून आज तो शब्द बाणापुढे लिहिता येतो का? वर्गात कसा हशा पिकेल! मी तिला म्हटलं, अंगरखाच लिही रोमन अक्षरात, आणि खाली समजावून सांग.

याच डफची दुसरी गोष्ट मला फार बोलकी वाटते. गाऊन, टर्बन, आर्मर हे शब्द त्यानं आपल्या घरचे वापरले, कारण तशा वस्तू त्याच्या घरी होत्या. पण बिचवा आणि वाघनख यांना त्याला घरचा शब्द सापडला नाही. ते त्यानं आपलेच ठेवले, कानाला ऐकू आले तशा इंग्रजी स्पेलिंगमध्ये. विंचवाच्या नांगीसारखा वाकडा तो बिचवा, इंग्रजी शस्त्रकोशांत आजही बिचवाच आहे. डफ १८१८ नंतर साताऱ्याला रेसिडेंट होता. त्याच्याकडे आलेली वाघनखं पुढे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गेली, आणि २०२४ च्या जुलैमध्ये ती तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली, प्रथम साताऱ्यात ठेवली. ती नेमकी प्रतापगडावरचीच आहेत असं तिथले लोक खात्रीनं म्हणत नाहीत. वाद घालणारे घालोत. मला टीव्हीवर ती बातमी बघताना एवढंच वाटलं, की वस्तू दोनशे वर्षं परदेशात राहिली, तिथे तिला टायगर क्लॉज म्हणू लागले, आणि इकडे उतरताच विमानतळावर पुन्हा वाघनखं झाली.

आता थोडं आमच्या सिंदखेडचं. हे मी वर्गात शिकवताना नेहमी घाईत उरकत असे, कारण परीक्षेला त्यावर प्रश्न येत नसे. जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव. १६२९ च्या जुलैत दौलताबादला निजामशाहाच्या दरबारात त्यांना मुलांसह ठार मारलं. लढाईत नव्हे, भेटीला बोलावून. त्यांची समाधी सिंदखेडला आहे, आमच्या शाळेची सहल दर दोन वर्षांनी तिथे जायची. शिवरायांचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा, फेब्रुवारी १६३०. म्हणजे ज्या घरात ते वाढले तिथे आईच्या तोंडी ही गोष्ट असणारच. भेटीला बोलावतात आणि मारतात. तीस वर्षांनी या बाईचा मुलगा भेटीला निघाला, आणि डफ म्हणतो त्याप्रमाणे कपड्यांच्या आत लोखंड घालून निघाला. चिलखत या शब्दाकडे असं बघायला मला कुणी शिकवलं नाही, मीही कुणाला शिकवलं नाही. नातीच्या बाणामुळे हे दोन प्रसंग शेजारी येऊन बसले. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरंच सांगतो.

असो. पुढचा बाण डोक्यावरचा. यात आपण श्रीमंत आहोत. पगडी, पागोटं, फेटा, पटका, रुमाल, मुंडासं, मंदील. शिवाय त्याच्यावर शिरपेच, तुरा, कलगी आणि मागे सोडलेला शेमला. या सगळ्यांसाठी इंग्रजीत मिळून एक टर्बन. तोही त्यांचा नाही, फारसी दुलबंदपासून तुर्कीतून तिकडे गेलेला. ट्युलिपचं फूलही त्याच शब्दावरून, पागोट्यासारखं दिसतं म्हणून. पण लगेच छाती फुगवू नका. लोखंडी टोपात ते श्रीमंत आहेत. हेल्म, हेल्मेट, बॅसिनेट, सॅलेट, मोरियन... प्रत्येकाची घडण वेगळी. आपल्याकडे एक शिरस्त्राण, आणि तोही पुस्तकी. हेल्मेट आता आपलाही झाला, पण तो फक्त मोटारसायकलवर, आणि तिथेही बहुधा आरशाला अडकवलेला असतो.

हे असं का, याचं उत्तर मला आमच्या मे महिन्यात सापडतं. युरोपात पंधराव्या शतकात सरदार लोक डोक्यापासून पायापर्यंत पोलादी पत्रे घालत, वीस-पंचवीस किलोंचे. आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. सायकलच्या सीटला हात लागला तर चटका बसतो. असा पत्रा घालून इथे कोण लढणार? माणूस आत शिजायचा. म्हणून आपल्याकडे कड्यांची जाळी, तिच्यातून वारा तरी जातो, आणि त्याहून जास्त कापड. घडीवर घडी घातलेलं कापड.

आणि हाच तो मुद्दा ज्याच्यासाठी मी एवढं पाल्हाळ लावलं. चिलखत.

आधी हे सांगतो की शब्दांची ही पंचाईत खुद्द महाराजांनाही पडली होती. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर त्यांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राजव्यवहारकोश करवून घेतला. दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग असे दहा वर्ग पाडले, त्यात एक शस्त्रवर्गही आहे. पदांची नावं बदलली. पेशव्याचा मुख्यप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव. पण लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला, पुढे तर शंभर वर्षं तोच राहिला. शस्त्रांचंही तेच. कवच हा आपला जुना शब्द, कर्णाच्या कवचकुंडलांतला. तो आपण स्तोत्रांसाठी ठेवला आणि अंगावर घालायला चिलखत वापरलं. मला यात वाईट वाटत नाही. माणूस संकटाच्या वेळी ज्या नावानं वस्तू मागतो ते नाव टिकतं.

तर फारसीत चिहल म्हणजे चाळीस. अकबराच्या शस्त्रागाराची जी यादी ऐन-ए-अकबरीत आहे, तिच्यात चिहलकद नावाचा एक पोशाख येतो. आपलं चिलखत याच घराण्यातलं असावं असं मला वाटतं. चाळीस घड्यांचं. म्हणजे मुळात लोखंडाचं नव्हे, कापडाचं! आत कापूस भरून टिपून काढलेला जाड अंगरखा. तलवारीचा वार कापडाच्या घड्यांत अडकतो, बाणाचा जोर मरतो. कड्यांच्या चिलखताखालीही असा जाड कपडा लागतोच, नाहीतर वार अडला तरी खालचं हाड मोडतं.

मी हे नातीला सांगत होतो तर ती मधेच म्हणाली, "म्हणजे गोधडीच ना, आबा?"

मी गप्पच झालो. मग म्हटलं, हो बाई, गोधडीच.

आमच्याकडे तिला वाकळ म्हणतात, अस्सल वऱ्हाडीत वाकय. माझ्या आईनं शिवलेली एक अजून आहे. आजीची लुगडी, वडिलांची धोतरं, खाली जाडंभरडं मांजरपाट, आणि वर धावदोरा इतका जवळजवळ घातलेला की सुई पुन्हा घालायला जागा नाही. कोपरा उसवलाय तिथे मी परवा पदर मोजले. सात. थंडीत कुडकुडत शाळेला जाताना ती अंगाभोवती गुंडाळून गेलोय मी, मारामारीत पाठीवर काठीही खाल्लीय, लागली नाही. चाळीस घड्या म्हणजे काय हे मला आता कळलं, पण माझ्या पाठीला ते साठ वर्षांपूर्वीच कळलं होतं.

मग पुन्हा इंग्रजी कोशात शिरलो, आता गोधडी शोधत. आणि सापडली! तेराव्या-चौदाव्या शतकात इंग्लंडचे सैनिक लोखंडाच्या आत, आणि गरीब असले तर नुसताच, एक टिपलेला जाड अंगरखा घालत. त्याला म्हणत अ‍ॅकटन. हा शब्द फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये अरबीतून. अरबीत अल-कुत्न म्हणजे कापूस. इंग्रजांचा कॉटनही तिथलाच. म्हणजे आमच्या खामगावच्या बाजारातली वस्तू, त्यांच्याकडे प्रथम गेली ती लढाईचा कपडा म्हणूनही गेली होती. पुढे १८७० साली त्यांनी जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा टाकला, कापूस न्यायला. तोवर ते अ‍ॅकटन विसरले होते.

दुसरा शब्द जॅक. साध्या शिपायाचा टिपलेला, घड्यांचा अंगरखा. त्याचा धाकटा भाऊ आपण रोज वापरतो, जॅकेट. नातीच्या कपाटात चार आहेत. तिला हे सांगितल्यावर तिनं विचारलं, "मग बुलेटप्रूफ जॅकेट म्हणजे परत मूळ अर्थाला आलं का?" सातवीतली मुलगी! मी माझ्या सातवीत असा प्रश्न विचारला असता तर कान धरून उभं केलं असतं.

आणि कान धरून उभं करण्यावरून आठवलं. हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. पण लिहितो. १९८० च्या आसपासची गोष्ट असेल. अफझलखान शिकवत होतो, चिलखताचं वर्णन रंगात आलं होतं. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. शेतमजुराचा मुलगा. म्हणाला, "सर, राजायनं चिलखत घातलं. मावळ्यायच्या अंगावर काय होतं? त्यायले बाण लागत नव्हता का?" वर्ग हसला. माझी लय तुटली म्हणून मी चिडलो. "बस खाली. फाजील प्रश्न विचारू नको." तो बसला. वर्षभर परत उठला नाही.

प्रश्न फाजील नव्हता. उत्तर असं होतं की कड्यांचं चिलखत महाग, ते सरदाराला परवडायचं. साध्या माणसाच्या अंगावर जे असेल ते. जाड बंडी, कमरेला गुंडाळलेला शेला, डोक्याला वेढे देऊन बांधलेलं मुंडासं. ते मुंडासं नुसती शोभा नव्हती, त्याच्या वेढ्यांनी वार अडायचा. डोंगर, झाडी, रात्र आणि वेग हे बाकीचं चिलखत. एवढं मला तेव्हाही सांगता आलं असतं. पण पाठ्यपुस्तकात मावळ्याच्या कपड्यांवर ओळ नव्हती, आणि जे पुस्तकात नाही ते मी विचारात घेत नव्हतो.

तो मुलगा पुढे सैन्यात गेला. निवृत्त होऊन आता गावीच असतो, शेती करतो. मागच्या रविवारी मी मुद्दाम त्याच्याकडे गेलो. चहा झाला. मी म्हटलं, तू एकदा वर्गात मावळ्यांबद्दल विचारलं होतंस, आठवतं का? तो म्हणाला, "नाही बुवा सर." मला आठवतं, त्याला नाही. की मला वाईट वाटू नये म्हणून तसं म्हणाला, देव जाणे. मग मी त्याला त्याच्या जॅकेटबद्दल विचारलं. तो सांगायला लागला तेव्हा मी वही काढली. छातीला एक पत्रा, पाठीला एक, दोन्ही कुशींना एकेक लहान. कापडी खोळीत खिसे असतात, त्यात हे पत्रे सरकवायचे. वजन दहा किलोंच्या आगेमागे. उन्हाळ्यात आत घामाची आंघोळ. "पण सर, सवय झाली की काढल्यावर उघडं उघडं वाटते."

छाती, पाठ, दोन कुशी. मी मोजले, चार. मोगली काळात याच रचनेच्या चिलखताला चार-आईना म्हणत, चार आरसे, पत्रे घासून आरशासारखे चमकवलेले असत म्हणून. मी त्याला सांगितलं. त्यानं बोटांवर पुन्हा मोजून बघितलं आणि म्हणाला, "बराबर हाय." त्या पत्र्यांच्या मागची खोळ केव्हलारची, म्हणजे ज्या धाग्याचा शोध स्टेफनी क्वोलेक या बाईंनी १९६५ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीत लावला त्याच्या कापडाचे थरावर थर. पुन्हा घड्याच. निघताना त्यानं पिशवीभर हरभऱ्याचे घाटे दिले. मी माफी मागायला गेलो होतो, ती तशीच राहिली. बोलता आलं नाही.

मराठीनं चिलखत अजून सोडलेलं नाही हे मात्र बरं. वर्तमानपत्रात रणगाड्यांच्या दलाला चिलखती दल म्हणतात. आणि राजगडावर संजीवनी माचीला चिलखती बुरूज आहेत, आतल्या बुरुजाला बाहेरून दुसरी भिंत घातलेली. फार वर्षांपूर्वी मुलांना घेऊन गेलो होतो तेव्हा त्या दोन भिंतींमधल्या बोळात आम्ही सगळे एकामागे एक उतरलो होतो. बुरुजानं अंगावर दुसरा अंगरखा घातलाय, असं तेव्हाच्या कुठल्याशा वाटाड्यानं सांगितलं होतं. मास्तरांपेक्षा त्याला शब्द जास्त कळत होता.

नातीची कार्डशीट आता पूर्ण होत आलीय. जिरेटोपाचा बाण तिनं पागोट्याच्या वरून नव्हे, आतून काढलाय, तुटक रेघेनं. चिलखतापुढे मेल लिहिलं आणि त्याच्या आतल्या कपड्यापुढे रोमन अक्षरांत गोधडी. बाई काय म्हणतील बघू. शेजारी चिकटवायला तिला आईच्या वाकळीच्या उसवलेल्या कोपऱ्याचा फोटो हवाय, पदर दिसतील असा. दोनदा काढला, हलला. आमच्या सौ. म्हणतात, उद्या सकाळी ओसरीवर ऊन येईल तेव्हा मी धरते, तुम्ही काढा.

आणि आत्ता लिहिता लिहिता तिचा निरोप आलाय. "आबा, बाराबंदी राहिली. तिला काय लिहू?"